फट दिसली तरी थांबा : पुण्यात नव्याने दुचाकी चालवणाऱ्यांसाठी

पुण्यात गाडी शिकायला फारसा वेळ लागत नाही. सोसायटीच्या आवारात तोल जमतो, आठचा आकडा काढता येतो, लायसन हातात पडतं. पुढच्याच सोमवारी सकाळी नवा चालक कर्वे रस्त्यावर नाहीतर नगर रस्त्यावर असतो आणि तिथे जे लागतं ते त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. आजूबाजूचे लोक पुढच्या दोन-तीन सेकंदांत काय करतील याचा अंदाज बांधायचा, आणि त्यांनी काहीही केलं तरी आपल्याला जागा उरेल अशा ठिकाणी आधीच असायचं, हे ते कौशल्य.

दुचाकी कुठल्याही फटीत मावते, हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. बस आणि रिक्षा यांच्यामध्ये दोन हात जागा दिसली की हँडल आपोआप तिकडे वळतं. आत शिरल्यावर ब्रेक मारायला जागा नसते आणि बाजूला व्हायलाही नसते. मग सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. म्हणून भोवती मोकळी जागा राखायची आणि ती कोणी भरली की पुन्हा तयार करायची, ही सवय सगळ्यात आधी लावा. पुढचं बरंचसं त्यासाठीच आहे.

निघण्याआधी

टायरची हवा आठवड्यातून एकदा, चाकं गार असताना तपासा. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बाइकला तो बहुतेक चेनकव्हरवर किंवा मागच्या आर्मवर सापडतो. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२ आणि मागे २९ पीएसआयच्या आसपास आकडा असतो, डबलसीटला मागचा वाढतो. पंपावर काही न सांगता उभं राहिलात तर दोन्ही चाकांत सारखीच हवा भरली जाते. पुढचं चाक जास्त फुगलं की त्याचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना नेमका तोच भाग हवा असतो. आकडा स्वतः सांगा, मीटरकडे बघा.

टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. खाच झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला, वर कितीही चांगला दिसत असला तरी. जुनी गाडी घेतली असेल तर टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या गाडीचा टायर झिजलेला नसतो, पण रबर कडक झालेलं असतं आणि बारीक चिरा पडलेल्या असतात. असा टायर पावसात धरत नाही.

ब्रेक लिव्हर दाबून बघा. ड्रम ब्रेकच्या लिव्हरला टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर गॅरेजमध्ये ब्रेक ओढून घ्या, आणि ओढूनही सैल पडत असेल तर लायनर बदला. ब्रेकचा दिवा दोन्ही ब्रेकवर लागतो का, हे भिंतीसमोर गाडी मागे लावून बघता येतं. एका ब्रेकचा स्विच बिघडलेला असणं फार सामान्य आहे. मागच्या माणसाला तुम्ही थांबताय हे कळतच नाही आणि तुम्हाला ते माहीतही नसतं. बाइकची चेन मधोमध वर-खाली हलवून पाहा. बहुतेक रोजच्या वापराच्या बाइकना २० ते ३० मिलिमीटर सैलपणा चालतो.

आरसे. पुण्यात कित्येक गाड्यांचे आरसे आत वळवलेले असतात, कारण फटीतून जाताना ते अडतात. आरसा ज्या फटीतून जात नाही त्या फटीतून जायचंच नाही, असा सोपा नियम करून टाका. आरशाच्या आतल्या कडेला तुमच्या कोपराचा थोडासा भाग दिसावा, बाकी सगळा मागचा रस्ता. आरशाची काच फुगीर असते, त्यामुळे मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते. शिवाय खांद्याच्या मागे एक पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. लेन बदलण्याआधी मान वळवून तिथे एक नजर टाकावीच लागते.

हेल्मेट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या. अर्धं हेल्मेट घेऊ नका. दुचाकीवरून माणूस तोंडावरही पडतो आणि अर्ध्या हेल्मेटला हनुवटीचा भागच नसतो.

माप घेताना भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, वेगळं नाही. मग पट्टा लावून हेल्मेट मागून वर-पुढे ढकलून बघा. ते निघालं तर अपघातातही निघणार. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पोहोचतं.

धुळीसाठी आणि उन्हासाठी स्कार्फ बांधण्याची पुण्यातल्या मुलींची पद्धत जुनी आणि समजण्यासारखी आहे. पण मागे जाड गाठ आली की हेल्मेट वर उचललं जातं आणि कानावर दोन-तीन घड्या पडल्या की मागून येणाऱ्या बसचा आवाज बोथट होतो. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी किंवा बालाक्लावा (डोकं, तोंड आणि मान झाकणारी टोपी) घाला, स्कार्फची टोकं जॅकेटच्या आत खोचा.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. धक्का तोच शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसलं तरी बदला आणि ते आरशाच्या टोकावर टांगून ठेवू नका, तिथे आतून खड्डा पडतो. काळी काच दिवसापुरती ठीक, संध्याकाळी सहानंतर नको. ओरखडे पडलेली काच रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याचा झगमगाट करते. ती वेगळी बदलून मिळते.

रस्त्यावर कुठे असायचं

ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तर आणखी १० मीटर. म्हणजे एकूण २१ मीटर, पीएमपीच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्यासारखं अंतर. ताशी ६० ला हेच अंतर सुमारे ४० मीटर होतं आणि रस्ता ओला असेल तर ५० च्या पुढे जातं. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये ६० वर जाऊन काहीच हाती लागत नाही, पुढच्या सिग्नलला सगळे एकत्रच उभे असतात.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजत बसू नका, वेळेत मोजा. ती गाडी एखादा खांब किंवा झाड ओलांडेल तेव्हा मनात म्हणायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन. तेवढं म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात तीन म्हणा. बस, डंपर, टँकरच्या मागे चार, कारण त्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नाही.

यावर नेहमी येणारी हरकत म्हणजे, एवढी जागा सोडली तर कोणीतरी मध्ये घुसतं. घुसतंच. मग रेस थोडी सोडा आणि पुन्हा दोन सेकंद मागे राहा. एका फेरीत दहा जण घुसले तरी तुमचे वीस सेकंद जातात. सगळ्यांनी फट भरायची धरलेली असताना ती जाणूनबुजून मोकळी सोडणं सुरुवातीला जड जातं, पण महिनाभरात त्याची सवय होते आणि प्रवासाचा शीणही कमी होतो.

चारचाकीच्या मागे असताना तिच्या बरोबर मध्ये राहू नका. खड्डा किंवा पडलेला दगड तिच्या दोन चाकांच्या मधून निघतो आणि थेट तुमच्या पुढच्या चाकाखाली येतो. तिच्या उजव्या चाकाच्या रेषेत राहा: रस्ता दिसतो आणि ड्रायव्हरच्या आरशात तुम्हीही दिसता. पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेपासून किमान एक मीटर अंतर ठेवा, उघडलेलं दार तेवढंच बाहेर येतं. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता आणि एकूणच पेठांमध्ये हे अंतर सगळ्यात महत्त्वाचं. तिथे दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून माणूस कधीही बाहेर येतो आणि बोळातून येणारा स्कूटरवाला तोंडाशी थांबेलच असं नाही. अशा रस्त्यावर २० ते २५ चा वेग पुरे आहे. गाडीत माणूस बसलेला दिसला, ब्रेकचा दिवा नुकताच विझला, किंवा पुढचं चाक बाहेर वळलेलं असेल, तर दार उघडणार किंवा गाडी निघणार असं धरून चाला.

थांबलेल्या रांगांमधून पुढे जायचंच असेल तर चालण्याच्या वेगाच्या थोडं वर, १५ च्या आत. रांग हलायला लागली की मधून जाणं बंद करून कुठल्यातरी एका लेनमध्ये सामावून जा. दोन्ही बाजूंच्या गाड्या हलत असताना मध्ये असणं ही सगळ्यात वाईट जागा.

चौक

चौकाजवळ येताना उजव्या हाताची दोन बोटं ब्रेक लिव्हरवर हलकी ठेवा, रेस सोडा. ब्रेकपर्यंत बोटं न्यायचा जवळजवळ अर्धा सेकंद वाचतो, ४० च्या वेगाला म्हणजे साडेपाच मीटर. एवढ्यात टक्कर टळते.

हिरवा दिवा लागला की लगेच सुटू नका. आकडे दाखवणाऱ्या सिग्नलला शेवटचे तीन सेकंद उरले की आडव्या रस्त्यावरचे लोक वेग वाढवून निसटायला बघतात आणि तुमच्या बाजूचे तेव्हाच निघायला लागतात. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, मग निघा. फर्ग्युसन रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर येतानासुद्धा दोन्हीकडे बघा, कारण राँग साइडने येणारा नेमका ज्या बाजूला तुम्ही बघत नाही तिकडूनच येतो. तो दिसला तर त्याला धडा शिकवायला जाऊ नका, रेस सोडून त्याला जाऊ द्या.

लाल दिव्याला थांबताना झेब्राच्या मागे, लेनच्या एका कडेला थांबा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक दाबलेला म्हणजे दिवा चालू, नजर आरशात. तुमच्या मागे एक-दोन गाड्या येऊन थांबेपर्यंत हीच स्थिती ठेवा. मागून कोणी न थांबता आलं तर पुढे सरकायला जागा पाहिजे, म्हणून पुढच्या गाडीला चिकटून उभं राहायचं नाही.

समोरून येऊन उजवीकडे वळणारी कार हा सरळ जाणाऱ्या दुचाकीचा मोठा शत्रू. दुचाकी अरुंद असल्याने ती लांब आहे, हळू येतेय असं कारवाल्याला वाटतं. दोघांची नजरानजर झाली यावर विसंबू नका. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक वळायला लागलं की तो निघाला. लांबूनच लेनमध्ये थोडं डावी-उजवीकडे सरका. सरळ रेषेत येणारा एक दिवा नजरेत भरत नाही, हलणारा भरतो.

स्वतः उजवीकडे वळताना ३० मीटर आधी इंडिकेटर, मग आरसा, मग मान वळवून नजर, मग सरकणं, याच क्रमाने. वळून झाल्यावर इंडिकेटर बंद करा. विसरलेला इंडिकेटर मागच्याला आणि समोरच्याला दोघांनाही चुकीचं सांगत राहतो.

बस, डंपर, रिक्षा

मोठी गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, आत कापून जातात. सिग्नलला डंपर आणि फुटपाथ यांच्यामध्ये उभी असलेली दुचाकी याच कारणाने मागच्या चाकाखाली येते. ड्रायव्हरला ती दिसलेलीच नसते. त्याच्या डाव्या बाजूचा बराच भाग आणि केबिनच्या अगदी समोरचा एक-दोन मीटरचा पट्टा त्याला दिसत नाही. म्हणून डंपर, बस, टँकर, काँक्रीट मिक्सर यांच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका, गाडी थांबलेली असली तरी नाही, आणि सिग्नलला तिच्या बंपरसमोर जाऊन उभे राहू नका. मागे राहा, किंवा इतके पुढे जा की ड्रायव्हरला तुमची पूर्ण पाठ दिसेल. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ओव्हरटेक करायचं तर उजवीकडून आणि रेंगाळल्याशिवाय. शेजारी शेजारी चालत राहू नका.

स्टॉपवर रिक्षा नाहीतर गाड्या लागलेल्या असतात, म्हणून पीएमपीची बस अनेकदा रस्त्याच्या मध्येच थांबते. प्रवासी मग डाव्या बाजूच्या फटीत उतरतात. तिथून जायचं नाही. उजवीकडून जाताना बसच्या तोंडाशी वेग कमी करा, कारण उतरलेला माणूस बससमोरूनच रस्ता ओलांडतो. सातारा रस्त्यावर स्वारगेट ते कात्रज बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, तिथे लोक तुमच्या लेनमधून पळत थांब्याकडे जाणारच. बीआरटीच्या मार्गिकेत मात्र मोकळी दिसली तरी शिरू नका. आतून बस आली की बाहेर पडायला वाट नसते.

रिक्षावाल्याची मान बघा. तो डावीकडे फुटपाथकडे बघतोय म्हणजे सवारी शोधतोय, आणि हात दिसला की कुठल्याही लेनमधून डावीकडे कट मारणार. रिक्षाला पुढे एकच चाक असल्याने ती जागेवर वळते. अ‍ॅपवरच्या टॅक्सीचंही तसंच: वेग कमी-जास्त करत जाणारी, मध्येच ब्रेक लावणारी गाडी पत्ता शोधत असते, ती कुठेही थांबेल.

बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार वेगळा सांगावा लागतो. या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि धरेनासे होतात. काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग इंजिनचाही आधार राहत नाही. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच घ्या, चार मिनिटं जास्त लागली तरी. मुख्य रस्त्यावर असाल तर डावीकडे राहा, दोन अवजड गाड्यांच्या मध्ये राहू नका आणि दर चार-पाच सेकंदांनी आरशात बघा. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली तर रांगेच्या शेवटी मधोमध थांबू नका: डाव्या कडेला, पुढचं चाक मोकळ्या जागेकडे करून, गिअर टाकलेला. फोन घ्यायला किंवा रेनकोट घालायला या उतारावर कडेला थांबू नये.

मॅपवर रस्ता शोधताना दुचाकीचाच पर्याय निवडा. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि कारचा पर्याय तुम्हाला तिकडेच नेऊन सोडतो.

ब्रेक मारायचा सराव

बहुतेकांना ब्रेक लावता येतो असं वाटतं, कारण जोरात लावायची वेळ आलेली नसते. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, ही ऐकीव भीती मनात असल्याने लोक फक्त मागचा दाबतात. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं. त्यामुळे जोराच्या ब्रेकमध्ये थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढचं चाक करतं, आणि नुसता मागचा दाबला तर ते चाक घासत जातं, गाडी थांबत नाही.

रविवारी सकाळी मोकळं मैदान किंवा रिकामा, कोरडा, सपाट डांबरी रस्ता शोधा. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

१. २० च्या वेगाने सरळ या. एका खुणेशी रेस पूर्ण सोडा आणि दोन्ही ब्रेक एकदम लावा, पण झटका देऊन नाही. आधी हलका दाब, पुढचं सस्पेन्शन दबल्याचं जाणवलं की जास्त. स्पंज पिळतो तसं.

२. बाइक असेल तर क्लच अगदी शेवटी, थांबण्याच्या बेतात असताना दाबा. आधीच दाबला तर इंजिनचा रोध वाया जातो.

३. नजर लांब समोर, गुडघे टाकीला चिकटलेले, हात कोपरात थोडे वाकलेले. चाकाकडे बघाल तर तोल जाईल.

४. पाच-सहा वेळा सरळ थांबता आलं की ३० वर, मग ४० वर. ४० साठी किमान ६० मीटर मोकळा रस्ता हवा.

५. पुढचं चाक घासलं तर लिव्हर लगेच सोडून पुन्हा हळू दाबा. मागचं सरकायला लागलं तर हँडल सरळ ठेवून मागचा दाब कमी करा.

१२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस असतं. स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. थोडाच, उजवा लिव्हर दाबावा लागतोच. १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाक अडकू न देणारी यंत्रणा असते. जोरात दाबल्यावर लिव्हरमध्ये धडधड जाणवते, ती त्याची कामाची खूण आहे, घाबरून सोडू नका. बऱ्याच बाइकना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तेव्हाही घासू शकतं. आणि वळणावर गाडी कललेली असताना साधं एबीएस फार वाचवत नाही. वळणाआधीच वेग कमी करा, वळणात रेस एकसारखी ठेवा.

थांबायला जागा नसेल तर वाट बदलावी लागते. वेगात गाडी डावीकडे न्यायची असेल तर हँडलची डावी मूठ पुढे ढकला, उजवीकडे न्यायची तर उजवी. ऐकायला उलटं वाटतं, पण दुचाकी कलून वळते आणि हा धक्का तिला कलवतो. २५-३० च्या वेगाला मैदानावर दोन रिकाम्या बाटल्या ठेवून करून बघा. ब्रेक आणि वळण एकदम करू नका: आधी ब्रेक सोडा, मग वळा. आणि खड्ड्याकडे बघू नका, खड्ड्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघा. गाडी नजरेमागे जाते.

खड्डा किंवा न रंगवलेला गतिरोधक अगदी जवळ आल्यावर दिसला तर ब्रेक त्याच्या आधीच संपवा आणि चाक चढताना लिव्हर सोडलेला ठेवा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, धक्का सरळ हातावर येतो आणि हँडल सुटतं. स्कूटरची चाकं लहान असल्याने हे त्यांना जास्त लागू आहे.

पाऊस

जूनचा पहिला पाऊस भर पावसाळ्यापेक्षा धोक्याचा. महिनोन्‌महिने साठलेलं ऑइल, डिझेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येतं, आणि चौकात जिथे गाड्या थांबतात तिथे लेनच्या मध्यभागी ते सगळ्यात जास्त असतं. पहिला अर्धा तास आडोशाला थांबता आलं तर थांबा.

झेब्राचे पट्टे, चेंबरची झाकणं, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेट, उखडलेले पेव्हर ब्लॉक, झाडाखालची ओली पानं-फुलं: यांवरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नाही, रेस वाढवणं नाही, वळणं नाही. डांबर आणि सिमेंट काँक्रीट जिथे मिळतात तिथे लांबच लांब कड तयार होते. तिच्याशी समांतर चालत हळूच वर चढायला गेलात तर चाक कडेला घासून गाडी आडवी होते. कड ओलांडायचीच तर जमेल तितक्या काटकोनात ओलांडा. बाणेर, वाघोली, आंबेगावसारख्या बांधकामाच्या भागात वळणांवर डंपरमधून सांडलेली खडी आणि क्रश सँड असते, ती कोरड्या दिवसांतही तेवढीच घसरते.

साचलेल्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर त्यात गाडी घालू नका, उघडं चेंबर वरून कळत नाही. जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर, रस्त्याच्या मध्यभागातून, पुढची गाडी सुखरूप गेल्यावरच. बाहेर पडल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे लायनर सुकतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. बॅरिकेड लागायच्या आधी पाणी चढायला लागलेलं असेल तरी वळा.

रात्र, मांडव, मांजा

रात्री समोरून अपर मारत येणाऱ्याकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघा आणि वेग कमी करा. स्वतःचा दिवा शहरात डिपरवरच ठेवा. हेल्मेटच्या मागे आणि मडगार्डवर परावर्तक पट्टी लावा. गणेशोत्सवाच्या आधी मांडव उभे राहतात तेव्हा ओळखीचा रस्ताही एका रात्रीत अर्धा होतो, आणि बांबू कधीकधी दिव्याविना असतात. कुत्रं मागे लागलं तर रेस वाढवू नका, वेग थोडा कमी करून सरळ रेषेत जा.

संक्रांतीच्या आसपास उड्डाणपुलांवर आणि नदीवरच्या पुलांवर मांजाचा धोका असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो गळे कापतोच. डिसेंबर-जानेवारीत गळ्याला जाड कापड किंवा कॉलर, हेल्मेटची काच खाली, पुलावर वेग ३० च्या आसपास. दोरा अंगाला लागल्यासारखा वाटला तर हाताने ओढू नका, आधी थांबा.

मागे कोणी असेल तेव्हा

डबलसीटला गाडी थांबायला जास्त जागा घेते, म्हणून दोनाचे तीन सेकंद करा. मागच्या माणसाला सांगा: दोन्ही पाय फूटरेस्टवर, वळताना तुमच्याबरोबर कलायचं, उलट बाजूला नाही, थांबेपर्यंत पाय खाली टेकवायचे नाहीत. साडीचा पदर आणि ओढणी पुढे घेऊन खोचलेली हवी, चाकात अडकली की ओढणी गळा आवळते. लहान मुलाला स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं करू नका. अचानक ब्रेक लागला की ते हँडल आणि तुमच्या छातीमध्ये चेपतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी बांधायचा हार्नेस, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि जास्तीत जास्त ४० चा वेग, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

अपघात झाला तर

इंजिन बंद करा, शक्य असेल तर रस्त्याच्या कडेला व्हा, मग फोन. ११२ वर पोलीस आणि सगळी आपत्कालीन मदत मिळते, १०८ वर ॲम्ब्युलन्स. जवळचा चौक, पुलाचं नाव, मेट्रोचा खांब क्रमांक, जे दिसेल ते सांगा. दुसरा कोणी पडला असेल आणि बेशुद्ध असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असेल तर ती वाढते. श्वास चालू नसेल तरच, एकाने मान आणि डोकं स्थिर धरून दुसऱ्याने हळू काढायचं. पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला पोलीस आपलं नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं.

स्वतः पडून उठलात आणि काही लागलेलं वाटत नसलं तरी लगेच गाडीवर बसू नका. पहिली १५-२० मिनिटं दुखणं कळत नाही. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल, गरगरत असेल तर थेट दवाखान्यात, दुसऱ्याच्या गाडीवरून. गाडी पुन्हा चालवण्याआधी हँडल पुढच्या चाकाशी सरळ आहे का, लिव्हर वाकलेत का, चाक फिरताना कुठे घासतंय का, ब्रेक पूर्वीसारखा लागतो का, हे उभ्यानेच बघा. यांतलं एकही बिघडलेलं असेल तर गाडी टेम्पोत टाकून गॅरेजला न्या.